काखोटीच्या मगरी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सांगतो," म्हणत गुरुजींनी थाप सुरू केली खरी, पण जीव टांगणीला लागला होता. उद्या साहेब तपासणीला येणार, आणि बेरीज विचारली की अख्खा वर्ग मिठाची गुळणी धरून बसायचा. निदान चूक तरी कुणी पकडेल, म्हणून त्यांनी गोष्टीत मुद्दाम चुकीची बेरीज पेरली.

"डाव्या काखोटीला आठ मगरी मारल्या, उजव्या काखोटीला सात, आणि त्या वीसच्या वीस मगरी घेऊन नदी पोहून आलो."

पोरं आ वासून बघत राहिली. गुरुजींच्या बोटांत खडूचा भुगा झाला.

मागच्या बाकावरची, कधीच तोंड न उघडणारी म्हणून पोरं जिला मौनीबाई म्हणत, ती पोरगी हळूच उठली.


"गुरुजी, थापा नका मारू. पंधराच मगरी होत्या."