टक्कल पडलेलं विमान

छोट्या विमानांचे सुटे भाग जोडून रंगवायचा मला नाद आहे. त्यातलं एक पिशवीतून काढून रंगांच्या दुकानदारापुढे ठेवलं आणि विचारलं, "याच्यासाठी टिकाऊ काय आहे?"

त्यानं ते फिरवून पाहिलं. पंखांवरचा रंग जाऊन खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. "काका, हे लढाईला गेलं होतं की धुण्याला?"

"बायको ओल्या फडक्यानं पुसायची. धूळ दिसली की तिला राहवायचं नाही."

"विमान शत्रूच्या तावडीतून सुटतं, बायकोच्या नाही!" म्हणत त्यानं अस्तर, इनॅमल, ब्रश असा सगळा बाजार मांडला. टिकाऊपणावर हा माणूस बोलायला लागला की समोरच्यानं खुर्ची मागावी. "हे लावा. मग काकूंना घासणीनं घासू दे, ढिम्म हलायचं नाही."

"रंग नको. नुसतं बिनरंगी वार्निश द्या. आहे त्याच्यावरच मारतो."

त्याला हसू आवरेना. "म्हणजे काका, उडालेला रंग टिकवायचा?"

"हो," मी म्हटलं. "पुसणारी गेली."