जिताड्याचं डोकं

राघोने खुर्ची आणून ठेवली होती, पण मनोरमा सरळ खाली, त्याच्या शेजारी चटईवर बसली. तीही चांगली मांडी घालून.

शांती भाकरी हातात धरून तशीच उभी राहिली. गेली चार वर्षं नणंद राई गावात माहेरी आली की तिचं ताट टेबलावर आणि बाकीच्यांची पंगत खाली, अशी रीतच पडून गेली होती. गुडघे वाकत नव्हते, त्याला कोण काय करणार.

"बसलीस कशी गो बाय?" राघोने विचारलं.

"दहा महिने झाले पथ्याला. साखर उतरली, मी बारा किलो उतरले. डॉक्टरने गोळ्या निम्म्या केल्या, एक बी-बाराची तेवढी वाढवली. आमच्या सिल्व्हर पार्कला लिफ्ट बंद पडली तरी तिसरा मजला चढून जाते आता."

आवाजात थोडी फुशारकी होतीच, आणि ती कमावलेली होती. सून नीलमने हात धुऊन मागे लागून तिला मासळी, मटण, अंडी, दूध, दही, तूप सगळं सोडायला लावलं होतं आणि डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांवर आणून बसवलं होतं. पहिला महिनाभर मनोरमाने सुनेला मनातल्या मनात लाखोली वाहिली. दुसऱ्या महिन्यात चपला घालताना भिंत धरावी लागेना, तेव्हा ती गप्प झाली.

पथ्याचं तिने भावाला फोनवर सांगितलं होतं. पण राघोच्या लेखी पथ्य म्हणजे साखर बंद, फार तर भात कमी. पथ्यात मासळी कशी येईल? खाडीवर जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात ते शिरलंच नाही.

शांतीने ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. चिंच-लसणाचं लालभडक कालवण आणि त्यात अख्खं जिताड्याचं डोकं.

या घरात जिताडा शिजला की डोकं माहेरवाशिणीचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. मनोरमाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. कधी तिला यायला जमलं नाही तर राघो डबा घेऊन तिच्या घरी मीरा रोडला जायचा; यंदा मात्र जाळ्यात जिताडाच आला नव्हता. दहा महिने तिने माहेर चुकवलं होतं ते या ताटाच्या भीतीनेच. वास नाकात शिरला आणि तिला कळलं, भीती काही उगाच नव्हती. तिला ते डोकं हवं होतं. फार हवं होतं.

"दादा, मी नाही खाणार."

"तिखट न्हाय केला गो."

"तसं नाही. मासळी सोडली मी. दूध-तूपपण."

राघोने हातातला घास खाली ठेवला. "जैन झालीस?"

"जैन दूध पितात, दादा."

"मंग त्यांच्यापन पुढं गेलीस." तो हसला नाही. "चार दिस जाला लावतोय. आता खाडीत मासा हाय कुठं? म्हटला, बाय येनार हाय, तिला डोका पायजे."

मनोरमाच्या पिशवीत नीलमने भरून दिलेला मुगाच्या उसळीचा डबा होता. माहेरी जेवायला जाताना घरून डबा नेणारी राईची ही पहिलीच लेक असावी. तो बाहेर काढायला तिचा हात होईना.

"एक दिस खाल्लास तर काय व्हतंय?" राघो म्हणाला.

"एक दिवस खाल्लं की पुढच्या रविवारी परत येईन. मग दर रविवारी. मी मला चांगली ओळखते." ती थांबली. "आयेचा पाय कापला तेव्हा दवाखान्यात तूच होतास ना दादा, साखरेपायीच कापला तो. मला माझे दोन्ही पाय हवेत."

राघोची नजर तिच्या दुमडलेल्या गुडघ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने वाकून तिच्या ताटातलं डोकं उचललं आणि आपल्या ताटात घेतलं.

"तुमी खाता?" शांती चाट पडली.

"मंग काय मांजरीला घालू?"

मनोरमाने डबा उघडला. उसळ बरी झाली होती, पण तिचं लक्ष शेजारच्या ताटात. सत्तरीचा राघो, जन्मभर मासे मारलेला, डोकं या हातातून त्या हातात फिरवत होता. त्याने ते कधी खाल्लंच नव्हतं, कुठून सुरुवात करतात तेही त्याला ठाऊक नव्हतं.

"तसं नाही, उलटं धर," मनोरमाला राहवेना. "गालावर अंगठा दाब. हां. आता आतला तुकडा सुटेल बघ, चिंबोरीच्या मांसासारखा. तो आधी खा. मग मागून चोख, मानेकडून."

राघो सांगितल्याबरहुकूम खात गेला. मनोरमाची बोटं त्याच्या ताटाच्या कडेपर्यंत जात होती आणि मागे येत होती. एवढ्या जवळ बसून भावाला जेवताना तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

राघोने सावकाश बोटं चाटली.

"इतका गोड लागतो ह्यो ठाव असता," तो म्हणाला, "तर तुला कदी दिलाच नसता."

मनोरमा हसली. तोंडाला सुटलेलं पाणी तिने गिळलं.

"डोळा राहिलाय अजून," ती म्हणाली. "घाई नको करूस दादा. तो शेवटाला खायचा."