रविवारचा संघ

पंचाहत्तर सालची गोष्ट. पलूसच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड हंबीरराव उपांत्य सामन्यात गुडघ्यावर लाथ बसून कोसळला, तरी रेफरीनं शिट्टी वाजवली नाही. अंतिम सामना रविवारी होता. गुरुवारी जोतीराम आणि लालासाहेब, संघाचे दोन कट्टर शौकीन, त्याला बघायला मिरजेच्या दवाखान्यात आले आणि वऱ्हांड्यातच बोलत बसले. “पट्टी बांधून अर्धा तास तरी खेळंल का रं?” जोतीरामनं विचारलं. “खेळंल की,” लालासाहेब म्हणाला, “पर रेफरी त्योच हाय. परत पायावर मारलं तर बघायचा न्हाई.” तेवढ्यात हंबीररावची आई साळूबाई वॉर्डातून बाहेर आली. जोतीराम उठला. “आवं मावशी, रविवारपतुर पाय बरा हुईल न्हवं?” साळूबाईनं पदर तोंडाला लावला. “पाय सकाळी कापला, बाबा. गुडघ्याखाली रगात जाईना झालं हुतं. त्येला अजून ठावं न्हाई, गुंगीत हाय. सारखं रविवारचंच इचारतोय. त्येचा बा पलटनीतनं येईस्तवर तुमी खेळाचंच बोला.” दोघं आत गेले. गळ्यापर्यंत चादर ओढलेला हंबीरराव त्यांना बघून हसला. “उजवा लय ठणकतोय, गड्या. पर मी डाव्यानं बी मारतो की. घेतील न्हवं मला?” जोतीराम खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. लालासाहेब खाटेवर टेकला, त्यानं हंबीररावचा हात हातात घेतला आणि रविवारच्या अकरा जणांची नावं सांगायला लागला. पहिलं नाव त्यानं हंबीररावचंच घेतलं.