कोळशाच्या आधीचं पाणी

दुष्काळात धरणाच्या तळाचं पाणी गावाला यायचं. औषध टाकून ते पिण्याजोगं व्हायचं, पण शेवाळाचा वास असा की पहिला घोट नाक धरूनच घ्यावा लागे. शेवटी गावच्या पाणी सोसायटीनं कोळशाची टाकी बसवली आणि तिच्यातून गाळून पाणी सोडलं. वास गेला, मातकट चवही गेली. टाकी सांभाळणाऱ्या ईश्वरप्पाची छाती फुगली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात तो पेला द्यायचा आणि म्हणायचा, “आधी हुंगा, मग प्या.”

पंधराव्या दिवशी छबुबाई घागर घेऊन आली.

“आप्पा, एक घागर कोळशाच्या आधीचं पाणी द्या.”

ईश्वरप्पाचा चेहरा उतरला. “कावून काकू? अजून वास येतोय का?”

“न्हाई ओ. पाणी लई ग्वाड झालंय, तेच नडतंय. धारूरची नणंद लेकरंबाळं घेऊन आलीया, हलायचं नाव घेईना. मागच्या उन्हाळ्यात एका तांब्यात माघारी गेलती.”

ईश्वरप्पानं दोन्ही बाजूंना पाहिलं, टाकीमागचा जुना नळ सोडला आणि तिची घागर काठोकाठ भरून दिली. मग कोपऱ्यातली आपली कळशी उचलून त्याच नळाखाली लावली.

“कुणाला बोलू नका काकू,” तो हळूच म्हणाला. “आमच्याकडं मेव्हणा येऊन बसलाय.”

छबुबाईनं घागर कमरेवर घेतली. “मग दोन कळश्या भरा आप्पा. मेव्हणं लई चिवट असतंय.”