कोपऱ्यापर्यंत बाबा

निरंजन टिपणीस चपला हातात घेऊन उंबऱ्यातच उभा होता. बाबा वारले, तेव्हा परवा त्यांना समोरच्या शेवाळी रस्त्यात मुरवलं होतं. लाकूड जळत नाही, धूर होत नाही आणि रस्ता हिरवागार राहतो, म्हणून हल्ली गल्लीतल्या सगळ्यांनाच तिथे मुरवतात.

शेजारच्या सुमतीकाकू दारातून म्हणाल्या, "अरे, बस जाईल तुझी."

"बाबा पार कोपऱ्यापर्यंत पसरलेत, काकू. पाय लागणार त्यांना. पावलापावलाला वाकून नमस्कार करत कधी पोचू ऑफिसला?"

"आमच्या ह्यांच्या अंगावरून तू गेली दोन वर्षं जातोयस, निरंजन. मी काही बोलले का?"

निरंजनने जरा विचार केला आणि चपला पायात घातल्या. रस्ता मऊ होता. बस वेळेवर मिळाली, बसायला जागाही मिळाली.