हुबेहूब

"हा घ्या, काका." ज्ञानदाने फोटो पुढे केला.

श्रीपतने रंगाचे हात फडक्याला पुसले आणि फोटो घेतला. दोन वेण्या, अंगावर चौथीचा गणवेश, गालाला खळी.

"ही पोर मी कधी पाहिलीच नाय," तो म्हणाला.

"मीच आहे ती. भाजायच्या आधीची. अगदी अशीच काढा."

शाळेच्या हॉलमधली त्याची रांगोळीची चौकट अजून कोरी होती. उद्या संध्याकाळी पाचला प्रदर्शन उघडणार होतं. दिवाळीत जूचंद्रची रांगोळी बघायला सगळा गाव लोटतो. श्रीपत एके काळी चेहऱ्यांसाठी नावाजलेला होता. पण बायको गेली, आणि तीन वर्षं त्याने फक्त मोर आणि कमळं काढली. मंडळाचा काशीराम दर वर्षी म्हणायचा, "रंभावहिनीला काढ की. लग्नातला फोटो आहे ना घरात?" श्रीपत मान हलवायचा आणि मोराला लागायचा.

यंदा मात्र त्याने ज्ञानदाला कबूल केलं होतं. चेहरा काढीन, तुझाच काढीन.

ती त्याला भेटली हॉस्पिटलात. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली रंभा एका खाटेवर होती, आणि चकल्यांचं तेल अंगावर सांडलेली दहा वर्षांची ज्ञानदा शेजारच्या. रंभा अकरा दिवस जगली. रोज विचारायची, "मी कशी दिसते, सांगा ना." तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "होतीस तशीच." पाचव्या दिवशी तिने विचारणं सोडलं. मग ती त्याच्याशी कमी आणि शेजारच्या पोरीशी जास्त बोलायला लागली.

पोरगी वाचली. उजवा गाल आणि मान भाजलेलीच राहिली, हाताची बोटं आखडली. डॉक्टरांनी चिमटीचा व्यायाम सांगितला, म्हणून तिची आई तिला श्रीपतकडे घेऊन आली. रांगोळी सोडता सोडता बोटं मोकळी झाली. शाळेत मात्र मान वर होईना. मागच्या बाकावरचा हरेश तिला 'भरीत' म्हणायचा. पुढे सगळा वर्गच म्हणू लागला. दिवाळीनंतर शाळेत जाणार नाही, असं तिने घरी सांगून टाकलं होतं.

श्रीपतने फोटो परत दिला. "समोर बस. भाजलेली बाजू माझ्याकडं कर."

"उद्या हरेश येईल, काका. हसतील सगळे."

"हसतीलही."

कुणी हसणार नाही, हे ऐकायला ती थांबली होती. त्याला ते कळत होतं. तो खडूला टोक काढत राहिला. बऱ्याच वेळाने तिने स्टूल ओढलं आणि बसली. केस तेवढे सोडून मानेवर घेतले. त्याने ते पाहिलं आणि चौकटीवर खडू टेकवला.

भाजलेल्या कातडीचा रंग एका डब्यात मिळत नाही. गुलाबी, तपकिरी, जरासा पांढरा, पुन्हा तपकिरी. दर वेळी मान वर करून बघावं लागतं. सुरुवातीला श्रीपतची नजर सारखी हॉलच्या खिडकीकडे जात होती. दुपारपर्यंत जायची थांबली.

जूचंद्रचा माणूस रांगोळीपुढे उभा राहिला की आधी चूक शोधतो. शेजारी ठेवलेला फोटो बघतो, रांगोळी बघतो आणि म्हणतो, नाक चुकलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात श्रीपतच्या चौकटीशेजारी फोटो नव्हता. ज्ञानदाच शेजारी उभी होती. लोक तिच्याकडे बघत, खाली बघत, पुन्हा तिच्याकडे बघत.

"कान जरा मोठा झालाय," एक बाई म्हणाली.

"कान बरोबर आहे. तुझा चष्मा बदल," तिचा नवरा म्हणाला.

सहाच्या सुमारास हरेश दोन मित्रांना घेऊन आला.

"आयला, भरीत! आणि ते पण कलरमध्ये!"

मित्र खिदळले. श्रीपत उठायला लागला. ज्ञानदाने त्याला हातानेच थांबवलं.

"हसून झालं?" तिने विचारलं. "मग आता चूक सांग. सगळे सांगतायत."

हरेशने मित्रांकडे पाहिलं. पण तोही त्याच गावचा. चौकटीपाशी वाकला. खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली.

"कानामागचा डाग नाहीये," तो म्हणाला. "वेण्या घालतेस तेव्हा मागून दिसतो. इथे केसांनी झाकलाय."

ज्ञानदाचा हात मानेवर गेला. "तिथला मला आरशात दिसत नाही. कसा आहे?"

हरेश अर्धवट मागे वळला.

"सांग ना. कसा आहे?"

"पानासारखा," तो हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आंब्याच्या. लांबट. खाली टोक आहे."

तिने केस वर बांधले. गुडघ्यावर बसून तपकिरी रंग चिमटीत घेतला आणि रांगोळीतल्या काळ्या केसांवर सोडायला लागली.

"कुठपर्यंत?"

"अजून खाली. अजून थोडा. बास."

श्रीपत शेजारी बसून ऐकत होता. हातातलं फडकं त्याने घट्ट धरलं होतं.

"आता जमलं," हरेश म्हणाला आणि मित्रांच्या आधी पुढच्या चौकटीकडे निघून गेला.

मागे काशीराम येऊन उभा राहिला होता. "हात बसला की रे परत! पुढच्या वर्षी वहिनीला काढ आता. लग्नातला फोटो काढून ठेव."

"काढीन तिला," श्रीपत म्हणाला. "फोटोवरून नाय."