पिवळा ठिपका

हितेंद्रने वर्षभर खपून माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी स्वतः खेळ बनवला. बहीण मयुरी रावेरला माहेरपणाला आल्याबरोबर रिमोट तिच्याच हातात दिला. खेळ साधाच, बागेतले केळीचे घड चिखलातून ट्रकपर्यंत न्यायचे. शेवटचा घड ट्रकला टेकणार तोच पडदा काळाठिक्कर झाला. "मेली लाइट! नेमकी जिंकतानाच जाते!" मयुरी लहानपणासारखीच ओरडली. हितेंद्रने हसून वर बोट दाखवलं; पंखा तर गरगरत होता. मग काळ्या पडद्याच्या कडेने पिवळा ठिपका डुलत आला. कंदील होता तो. घेऊन येणारी बुटकी बाई उजवा पाय जरासा ओढत चालत होती, आई चालायची तशीच. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. "बटण दाब, लाइट येईल," हितेंद्र म्हणाला. मयुरीने दोन्ही अंगठे बटणांवरून अलगद उचलले. "राहू दे, भाऊ. एवढ्यात नको यायला."